विमानातून सायकल न्यायचीय? मग सायकलची केस, म्हणजे पेटी, घेण्याआधी हे वाच

आधी एवढंच सांग, परत कुठून येणार आहेस? मनाली ते लेह करणार असशील, तर कडक केसचा विषयच सोड. मनालीत ती ठेवणार कुठे, आणि लेहला आणणार कोण? अशा ट्रिपला सायकलच्या दुकानातलं पुठ्ठ्याचं खोकं बेस्ट. जाताना वापर आणि देऊन टाक. लेहमधल्या एखाद्या दुकानाला आधीच फोन करून परतीचं खोकं सांगून ठेव.

जिथून निघायचं तिथेच परत यायचं असेल, तर केस घे. पण वजन बघ हं! कडक केस रिकामीच दहा-बारा किलोची असते, त्यात नऊ-दहा किलोची सायकल. देशांतर्गत तिकिटावर बहुतेक वेळा पंधराच किलो मिळतात. मी स्वतः मऊ, फोम लावलेली बॅग वापरतो.

खरी भीती मागच्या डिरेलरची, म्हणजे गिअर बदलताना चेन सरकवणाऱ्या भागाची. तो फ्रेमला ज्या छोट्या धातूच्या तुकड्याने जोडलेला असतो, तो माझा हँगर एकदा असा वाकला, की पहिले दोन दिवस एकाच गिअरवर काढले. तेव्हापासून डिरेलर काढून, बबल रॅपमध्ये गुंडाळून चेनस्टेला (मागच्या चाकाकडे जाणाऱ्या फ्रेमच्या खालच्या नळीला) बांधतो, आणि शंभर ग्रॅमसुद्धा नसलेला जादा हँगर सोबत ठेवतो. चाकं काढलीस की फोर्कच्या, म्हणजे पुढचं चाक धरणाऱ्या चिमट्याच्या, टोकांत प्लास्टिकचा स्पेसर बसव, म्हणजे ती दाबली जात नाहीत. दुकानदार फुकट देतो, नव्या सायकलींबरोबर येतात ते. पेडल काढताना लक्षात ठेव, डावं पेडल उलट्या आट्याचं असतं, म्हणजे घड्याळाच्या दिशेने फिरवलं की सुटतं, उगाच जोर लावू नकोस. हवा थोडी कमी कर.

आणि पॅकिंग आदल्या रात्री नको, निदान आठवडाभर आधी एकदा करून बघ.