नातवाचा मधुमेह आणि आजोबांची शुगर

मँचेस्टरला राहणाऱ्या एका वाचक भगिनींनी लिहिले आहे की, त्यांच्या नऊ वर्षांच्या मुलाला टाइप १ मधुमेह असल्याचे निदान झाले असून तेथील डॉक्टरांनी लगेच इन्सुलिन सुरू केले आहे. खानापूरचे सासरे मात्र फोनवर बजावतात की चॉकलेटे बंद करा, पोराला जोंधळ्याची भाकरी द्या आणि सुईची सवय लावू नका. कारण त्यांची स्वतःची शुगर गोळ्या, पथ्य आणि सकाळचे फिरणे एवढ्यावर कित्येक वर्षे ताब्यात आहे. पती सडपातळ आहेत, तेव्हा त्यांची तरी काळजी नको ना, असाही प्रश्न त्यांनी विचारला आहे.

सासऱ्यांचे सांगणे त्यांच्या स्वतःच्या आजारापुरते योग्यच आहे. नातवाला झालेला आजार मात्र तो नव्हे. आजोबांच्या टाइप २ मध्ये शरीर इन्सुलिन बनवते, परंतु ते पुरेसे परिणामकारक ठरत नाही आणि हळूहळू कमीही पडू लागते. टाइप १ मध्ये शरीराची स्वतःची रोगप्रतिकारक यंत्रणाच स्वादुपिंडातील इन्सुलिन बनवणाऱ्या पेशी नष्ट करते. चॉकलेटमुळे, लाडामुळे किंवा आईने गरोदरपणी अमुक खाल्ल्यामुळे हे घडत नाही आणि कोणत्याही पथ्याने ते टळले नसते. बहुतेक अशा मुलांच्या घरात हा आजार पूर्वी कोणालाही झालेला नसतो. म्हणून आपण स्वतःला दोष देऊ नये आणि इतरांनी दिलेला तर मुळीच स्वीकारू नये.

इन्सुलिनची सवय लागते ही समजूत मात्र नुसती चुकीची नाही, ती जिवावर बेतू शकते. इन्सुलिन शोधले जाण्यापूर्वी या मुलांवर एकच उपचार होता, तो म्हणजे जवळजवळ उपाशी ठेवणे; त्याने काही महिने हाती लागत आणि मग मूल जात असे. जानेवारी १९२२ मध्ये टोरांटोला लेनर्ड थॉम्पसन या १४ वर्षांच्या मुलाला इन्सुलिन टोचले गेले, तेव्हा कुठे हे चित्र पालटू लागले. शंभर वर्षांपूर्वी फसलेला तो पथ्याचा मार्ग आज कोणी नव्याने सुचवत असेल, किंवा एखादा काढा देऊन इन्सुलिन सोडवण्याची हमी देत असेल, तर त्याला नम्रपणे पण ठाम नकार द्यावा.

आता पतीविषयी. सडपातळ माणसाला मधुमेह होत नाही, हा आपल्याकडचा फार जुना भरवसा आहे आणि तो भारतीय शरीराला विशेष लागू पडत नाही. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन या दोघांनी २००४ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात स्वतःचेच छायाचित्र प्रसिद्ध केले होते. दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजन सांगणारा आकडा, २२.३ असा अगदी सारखा होता, तरी युडकिन यांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के आणि याज्ञिकांच्या शरीरात २१.२ टक्के होती. वजनकाटा जे दाखवत नाही ते पोटाच्या घेरावरून पुष्कळदा कळते. भारतीय पुरुषासाठी ९० आणि स्त्रीसाठी ८० सेंटिमीटरच्या पुढचा घेर धोक्याचा मानतात. ब्रिटनमध्येही दक्षिण आशियाई वंशाच्या लोकांसाठी बीएमआय २३ पासूनच धोका वाढल्याचे धरतात, गोऱ्यांसाठी २५ पासून. त्यामुळे वडिलांना टाइप २ असलेल्या आपल्या पतींनी, अंगाने कितीही हलके असले तरी, एचबीए१सी, म्हणजे मागील दोन-तीन महिन्यांतील सरासरी साखर दाखवणारी रक्तचाचणी, करून घ्यावी; तेथील अहवालात ४८ किंवा त्याहून अधिक म्हणजे मधुमेह, आणि आपल्याकडील अहवालात तोच आकडा ६.५ टक्के असा येतो. उलट एखाद्या बारीक प्रौढाला मधुमेह निघाला आणि गोळ्यांनी तो आवरत नसेल, तर प्रतिपिंडांची (स्वतःच्याच पेशींवरील हल्ल्याची खूण) आणि सी-पेप्टाइडची (शरीर स्वतः किती इन्सुलिन बनवते ते दाखवणारी) चाचणी करावी का, असे डॉक्टरांना विचारावे, कारण टाइप १ चाळिशीतही सुरू होऊ शकतो. लठ्ठपणाने टाइप २ चा धोका निश्चित वाढतो, पण देह पाहून प्रकार ठरवता येत नाही.

चिकोडी-अथणीकडच्या ऊसपट्ट्यातून येणाऱ्या पाहुण्यांचा गुळावर मोठा विश्वास असतो. परंतु गुळानेही रक्तातील साखर वाढतेच, आणि भाकरीनेही वाढते. आपल्या मुलाच्या बाबतीत प्रश्न वर्ज्य काय हा नसून त्यातील कर्बोदके मोजून त्याप्रमाणे इन्सुलिन देण्याचा आहे. त्या हिशेबात बेळगावचा कुंदा अधूनमधून बसू शकतो; किती, ते तेथील आहारतज्ज्ञांकडून समजून घ्यावे.

सुट्टीत खानापूरला याल तेव्हा इन्सुलिन हातातल्या पिशवीत ठेवावे, विमानाच्या सामानकक्षात ते गोठू शकते. आजोबा घरातली सगळी साखर लपवून ठेवण्याचा संभव आहे, तेवढे मात्र होऊ देऊ नये. मुलाला घाम येऊ लागला, हातपाय थरथरले किंवा तो असंबद्ध बोलू लागला, तर साखर कमी झाली असे समजून, शुद्धीवर असेतो त्याला लगेच ग्लुकोज किंवा साखरेचे पाणी पाजावे. शुद्ध हरपली असल्यास तोंडात काहीही न घालता तातडीने रुग्णालयात न्यावे. आजोबांचे यंत्र मिलिग्रॅममध्ये आकडा दाखवते आणि नातवाचे मिलिमोलमध्ये. नातवाच्या आकड्याला १८ ने गुणले की आजोबांचा आकडा मिळतो. नातवाच्या यंत्रावरचा ४ म्हणजे आजोबांच्या यंत्रावरचे ७२, आणि त्याखाली आकडा गेला की ताबडतोब गोड द्यायचे, हे आजोबांना भेटीपूर्वीच कागदावर लिहून पाठवावे.