बेटावरचं लग्न, गावातली पंगत

तुळशीचं लग्न लागलं की माझ्याकडे पत्रं वाढतात. आधी विचारायचे, हजार माणसाला बुंदी किती पाडायची, वांगी किती घ्यायची. यंदा निम्म्या पत्रांत समुद्र आहे. समुद्र बघायचा तर आम्हा यवतमाळकरांना अख्खी रात्र गाडीत काढावी लागते, पण पोरांना बोहल्यावर उभं राहायचंय ते बेटावरच. बिछायत केंद्र (मांडव-भांडी भाड्याने देण्याचा धंदा) चालवता चालवता मी तीन वऱ्हाडं अंदमानला आणि एक बालीला नेऊन आणलं. त्यात जे हात पोळले, त्यावरून ही उत्तरं.

“मुलगी पुण्यात नोकरीला. तिला अन् जावईबापूंना अंदमानात लग्न करायचंय, फक्त पन्नास माणसांत. मी आजवर गावात शेकडो लग्नं जेवलो. आता माह्याच पोरीच्या लग्नाची चूल पेटणार नाही, हे गावाले कसं सांगू?” — एक बाप, दारव्हा तालुका

भाऊ, सांगू नका, जेवू घाला.

मांडव, मांडवडहाळे, बांगड्या, हळद हे सगळं गावातच करा आणि त्याच दिवशी गावजेवण द्या. पंगत नेहमीसारखीच ठेवा: वांग्याची भाजी, वरण-भात, पोळी, बुंदी, मठ्ठा. दोन दिवसांनी पन्नास माणसं घेऊन निघा. जेवण आधीच द्यायचं, परत आल्यावर नाही. हे मी चुकून शिकलो. पहिल्या वऱ्हाडाच्या वेळी मीच सुचवलं होतं की आल्यावर निवांत स्वागत समारंभ ठेवू. आम्ही आलो तर घरचे प्रवासाने आंबलेले, गावाने मोबाइलवर सगळे फोटो आधीच पाहिलेले. पाचशे पानं मांडली, दोनशे उठली. एक म्हातारा मला तोंडावर म्हणाला, “लगन तिकडं अन् उष्टं इकडं?” तो चुकीचं बोलला असं मला आजही वाटत नाही.

आता पन्नास माणसं कोणती, हा खरा डोंगर. माझा नियम असा की नात्याची पायरी तोडायची नाही. एक चुलत भाऊ घेतला तर सगळे चुलत घ्या, नाहीतर सख्ख्यांवर थांबा. “हा जवळचा, तो लांबचा” अशी निवड केली की पुढची दहा वर्षं त्या घरचं पाणी तुटतं. आणि गावाकडच्या ज्या माणसाला न्याल त्याचं तिकीट तुम्हीच काढायचं. मुलीच्या पुण्याच्या मैत्रिणी स्वतःचं तिकीट काढतील, त्यांच्यात ती रीत आहे. मामाला “या, पण खर्चाचं तुमचं तुम्ही बघा” म्हणणं म्हणजे न बोलावणंच.

खर्च “लग्नाला किती” असा काढू नका, खोल्या आणि रात्री मोजा. पन्नास माणसं म्हणजे पंचवीस खोल्या. बेटावर तीन रात्री आणि जाताना श्री विजयपुरमला (जुनं पोर्ट ब्लेअर, २०२४ मध्ये नाव बदललं) एक रात्र, म्हणजे शंभर खोली-रात्री. एका खोलीचा दर हजाराने वाढला की लाखाचा फरक पडतो. मांडव, फुलं, फोटोवाला यांवर घासाघीस करण्याआधी तिथे करा. विमानाची तिकिटं दहा किंवा जास्त माणसांची असतील तर एकेक काढू नका, कंपनीकडे ग्रुप बुकिंगचा दर मागा.

एक गोष्ट शहरातले नियोजनवाले सांगणार नाहीत. त्यांचा मोठा हप्ता ऑगस्टमध्ये असतो, तेव्हा आपली पऱ्हाटी, म्हणजे शेतातला कापूस, पाती-फुलावर असते, पैसा हाती यायचा असतो. सरळ सांगा, आता थोडे घ्या, मोठा हप्ता जानेवारीत. आम्ही एकदा तसं लिहून घेतलं आणि रिसॉर्टवाल्याने कुरकुर न करता मानलं. हप्त्यासाठी पहिल्या वेचणीचा कापूस पडत्या भावात खेड्यातल्या व्यापाऱ्याच्या काट्यावर घालू नका.

“आमच्या घरी गोरज मुहूर्ताशिवाय लगन लागत नाही. भटजींनी आर्वीच्या पंचांगावरून वेळ काढून दिली. तीच चालेल ना जी? अन् महिना कोणता बरा?” — आर्वी, जि. वर्धा

नाही चालणार. गोरज घड्याळावर नसतो, सूर्यावर असतो. अंदमान आपल्यापासून पूर्वेला बरंच लांब आहे, पण घड्याळ तेच, भारतीय वेळेचं. म्हणून तिथे सूर्य लवकर उगवतो आणि लवकर बुडतो. फेब्रुवारीच्या मध्याला नागपूरला सूर्यास्त सव्वासहाच्या आसपास, तिथे साडेपाचच्या आधीच. डिसेंबरच्या सुरुवातीला तर पाचलाच अंधारू लागतं. आर्वीची वेळ धरून बसलात तर मंगलाष्टकं मिट्ट काळोखात होतील आणि फोटोत फक्त दात दिसतील. भटजींना श्री विजयपुरमचा सूर्यास्त धरून मुहूर्त पुन्हा काढायला सांगा. लग्नघटिका त्या गावाचीच धरायची असते, हे त्यांनाही ठाऊक आहे, तुम्ही गाव कोणतं ते सांगितलं नसेल.

आता दुसरं पंचांग, समुद्राचं. भरती-ओहोटी दिवसातून दोन-दोनदा येते आणि रोज पन्नासेक मिनिटं पुढे सरकते. पौर्णिमा-अमावास्येच्या आसपास पाणी जास्त चढतं आणि जास्त उतरतंही. आपण तळ्याकाठची माणसं, आपल्याला वाटतं पाणी जिथे आहे तिथेच राहील. माझ्या दुसऱ्या वऱ्हाडाचा मांडव दुपारी बारा वाजता वाळूत उभा केला तेव्हा लाट चाळीस पावलं दूर होती. मंगलाष्टकांच्या चौथ्या कडव्याला ती अंतरपाट धरणाऱ्याच्या टाचेला लागली. त्याने पाय उचलला, अंतरपाट तिरका झाला आणि नवरा-नवरीने वेळेआधीच एकमेकांना पाहून घेतलं. मामाने पाट उचलून मागे नेला म्हणून बरं. आता मी तारीख ठरवताना त्या दिवसाचा भरतीचा तक्ता आधी बघतो, मग भटजींकडे जातो.

स्वराज द्वीपावर, म्हणजे जुन्या हॅवलॉकवर, राधानगरचा किनारा पश्चिमेला आहे. गोरज तिथेच शोभतो. काला पत्थर आणि विजयनगर पूर्वेला, ते सकाळच्या मुहूर्ताला. सरकारी किनाऱ्यावर प्रशासनाच्या परवानगीशिवाय मांडव टाकता येत नाही. परवानगी काढून देणं रिसॉर्टच्या करारात लिहून घ्या, नाहीतर त्यांच्याच आवारातल्या हिरवळीवर लग्न लावा. मला विचाराल तर हिरवळ बरी, वाळूत म्हाताऱ्यांच्या खुर्च्या रुततात.

महिना माघ-फाल्गुन. मे ते सप्टेंबर तिथे नैर्ऋत्येचा पाऊस. तो चातुर्मासात बराचसा जातो, त्यामुळे त्याची फिकीर नाही. पण लग्नसराई सुरू होते त्या नोव्हेंबर-डिसेंबरात तिकडे वादळाचा धोका असतो. डिसेंबर २०१६ मध्ये वादळी हवामानाने बोटी थांबल्या, हॅवलॉक आणि नील या बेटांवर हजाराहून जास्त पर्यटक अडकले आणि नौदलाने त्यांना बाहेर काढलं. पौष तुम्ही तसाही टाळता. फेब्रुवारीत समुद्र शांत, कापूस-तूर बऱ्यापैकी विकलेली. अडचण एकच, बारावीची परीक्षा. ज्या घरी बारावीचं पोर आहे ते घर येणार नाही, हे धरून चाला.

“मला मालदीव आवडलंय, होणाऱ्या नवऱ्याला बाली. दोघांचंही बजेट बसतंय. लग्न आपल्या पद्धतीनेच हवं, गौरीहर पुजून. कोणतं निवडू?” — होणारी नवरी, वरुड

ताई, गौरीहर पुजायचा असेल तर बाली.

मालदीवच्या सीमाशुल्क नियमांत पूजेच्या मूर्ती नेण्यावर बंदी आहे. तुमच्या आईने दिलेली अन्नपूर्णा आणि बाळकृष्ण विमानतळावरच अडकतील. दारूच्या बाटल्यांचंही तेच, तुमच्याकडच्या काही काकांसाठी सांगून ठेवतो म्हणा. फिरायला मालदीव छान आहे, नंतर दोघंच जा.

बाली हे मुस्लिमबहुल इंडोनेशियातलं हिंदूबहुल बेट. दारात फुलांचा नैवेद्य, चौकाचौकात देऊळ, आपल्या बाया तिथे दुसऱ्या दिवशी घरच्यासारख्या वावरायला लागतात. पण तिथला पाऊस आपल्या उलट, साधारण नोव्हेंबर ते मार्च. म्हणजे माघातलं लग्न बालीला भिजणार. एप्रिल-मे घ्या, वरुडात तेव्हा ४४-४५ अंश असतं, वऱ्हाडी आनंदाने येतील. मार्चमधली तारीख घेतलीच तर न्येपी कधी आहे ते पाहा. तो त्यांचा शकाचा नववर्षदिन, आपल्या पाडव्याच्या आसपासचा. २०२६ मध्ये दोन्ही १९ मार्चलाच. आपण गुढी उभारतो, ते चोवीस तास मौन पाळतात. विमानतळसुद्धा बंद, पाहुण्यांनीही हॉटेलबाहेर पडायचं नाही.

पासपोर्ट सगळ्यांचे किमान सहा महिने वैध हवेत. ज्यांनी कधी काढलाच नाही त्यांना आजच अर्जाला बसवा. आणि परदेशी टूर पॅकेज घेतलं की त्यावर टीसीएस, म्हणजे आगाऊ आयकर, कापला जातो. तो रिटर्न भरल्यावर हिशेबात मिळतो, पण तुमचे वडील फक्त शेती करत असतील आणि रिटर्न भरत नसतील तर ते पैसे तिकडेच राहतात. कोणाच्या पॅनवर पैसे भरायचे ते सीएला विचारून ठरवा.

“आजी ७८ वर्षांची. विमान तिने पाहिलंय ते डोक्यावरूनच. अंदमानला नेऊ का?” — उमरेड

न्या. पण नागपूरहून थेट विमान नाही. चेन्नई, कोलकाता असं कुठेतरी बदलावं लागतं. तिकीट काढतानाच चाकाची खुर्ची मागा, ती फुकट असते. आजीचं नाव आधारवर जसं आहे तसंच तिकिटावर हवं. आपल्याकडे म्हाताऱ्या बायांचं घरचं नाव एक, माहेरचं एक आणि आधारवर तिसरंच. प्रत्येकाचा आधार हातात घेऊन अक्षरन् अक्षर जुळवा.

पहिल्या दिवशीच बोटीत घालू नका. रात्र श्री विजयपुरमला काढा, सेल्युलर जेल दाखवा. बऱ्याच म्हाताऱ्यांना सगळ्या प्रवासात तेच लक्षात राहतं. दुसऱ्या दिवशी सकाळची स्वराज द्वीपाची बोट, दीड ते अडीच तास. चिखलदऱ्याच्या घाटात एसटीत ज्याला मळमळतं त्याला बोटीतही मळमळणार. गोळी डॉक्टरांना विचारून निघायच्या आधी द्यायची, ओकारी सुरू झाल्यावर नाही. रोख पैसे सोबत ठेवा, बेटावर एटीएम मोजकी आहेत.

“ओटीचं, रुखवताचं, पूजेचं सामान न्यायचंय. विमानात काय चालत नाही?” — नवरीची आई, पवनी

काकू, खोबऱ्याच्या वाट्या घरी ठेवा. सुक्या खोबऱ्यात तेल असतं, ते आपोआप तापून पेट घेऊ शकतं, म्हणून चेक-इनच्या बॅगेतही चालत नाही. अख्खा नारळ हातातल्या पिशवीत एरवी नेऊ देत नाहीत. नेऊ नकाच, तिथे नारळ-सुपारीच्या बागाच आहेत. कापूर आणि काडेपेटी कुठल्याच बॅगेत नको, तिथे विकत घ्या. अडकित्ता आणि नवरदेवाची कट्यार चेक-इनमध्ये. एका नवरदेवाने कट्यार कमरेला लावूनच सुरक्षा तपासणीच्या रांगेत पाऊल टाकलं होतं, पुढचा अर्धा तास मी विसरलेलो नाही.

देशातल्या विमानात माणशी साधारण १५ किलो चेक-इन आणि ७ किलो हातात. रुखवत म्हणून शेवयांची झोपडी, लोणच्याच्या बरण्या नेऊ नका. ते गावच्या मांडवात मांडा, बघणाऱ्या बाया तिथेच असतात. येताना पोरांचे खिसे तपासा. पोवळ्याचे तुकडे आणि काही शंख-शिंपले १९७२ च्या वन्यजीव कायद्याखाली येतात.

“बेटावर लागलेल्या लग्नाची नोंद कुठे करायची?” — मोर्शी

सोपा रस्ता सांगतो. निघायच्या आधी इथेच विशेष विवाह कायदा, १९५४ खाली नोंदणी पद्धतीने लग्न करून घ्या. दोघांपैकी एक जण त्या जिल्ह्यात निदान ३० दिवस राहिलेला हवा. नोटीस दिल्यावर ३० दिवस थांबायचं, मग तीन साक्षीदार घेऊन सह्या. नोटीस तीन महिनेच टिकते. कागद इथे, सप्तपदी तिथे. बालीच्या बाबतीत तर दुसरा विचारच करू नका.

“तिकडे डीजे मिळतो का?” — नवरदेवाचा मित्र, घाटंजी

मिळेल, पण रात्री दहाला बंद होईल, नियम तिथेही तोच. मी तुला दुसरं सुचवतो. गावातले दोन डफडेवाले ने. दोन तिकिटं डीजेच्या भाड्यापेक्षा महाग पडणार नाहीत. आम्ही एकदा नेले. फक्त समुद्राच्या दमट हवेने डफड्याचं कातडं इतकं ढिलं पडलं की थाप मारली तर भिजल्या पोत्यासारखा आवाज. एरवी ते कडब्याच्या जाळावर शेकतात, किनाऱ्यावर जाळ करायची बंदी. शेवटी रिसॉर्टच्या बंगाली आचाऱ्याने भाताचं पातेलं उतरवून शेगडी मोकळी करून दिली. दर वीस मिनिटांनी एक डफडं वाजे आणि दुसरं स्वयंपाकघरात तापत असे. आचारीही शेवटी पळी टाकून नाचायला आला.