फुलात रंग हाताने भरला, तर ती छाप कसली?

प्रश्न : ताई, मुलाकडे सिडनीला गेले होते तेव्हा संग्रहालयात ऑस्ट्रेलियन चित्रकार मार्गारेट प्रेस्टन यांची फुलांची चित्रं पाहिली. पाटीवर 'लाकडी ठशाची छाप, रंग हाताने' असं होतं. आमच्या क्लासमध्ये म्हणतात, हाताने रंग भरला की ती खरी छाप नाही. मी लिनोवर, म्हणजे लिनोलियमच्या मऊ तुकड्यावर, जास्वंद कोरतेय, कडेने वारली चौक घालणार आहे. पण फूल विज्ञानाच्या वहीतल्या आकृतीसारखं दिसतंय. काय चुकतंय?
— एक वाचक, पुणे

उत्तर : रंग बिनधास्त भरा. जपानात रंगाचे वेगळे ठसे रुळण्याआधी काळ्या छापेवर हातानेच रंग भरत. प्रेस्टनबाईंनी जपानी छापचित्रं पॅरिसमध्ये नीट अभ्यासली होती. काळी छाप एकाच ठशाची, रंग दर प्रतीला पुन्हा हाताने. फक्त शाई तेलाची घ्या आणि पूर्ण वाळू द्या. मी एकदा पाण्याच्या शाईवर जलरंग फिरवला. लाल जास्वंद अशी काळवंडली की शेजारीण म्हणाली, "वांगं छान आलंय हो!"

आता तुमचं फूल. तुम्ही पाकळी, देठ, शीर, सगळंच सारख्या काळजीने कोरताय, म्हणून ती आकृती होते. प्रेस्टन यांचं बँक्सिया हे ऑस्ट्रेलियातलं कणसासारखं फूल आठवा. त्या कणसात शेकडो बारीक फुलं असतात, ती सगळी मोजत बसलं तर वेडच लागेल. बाई एक आकार पकडतात, तोच पुन्हा पुन्हा मांडतात आणि मधला काळा भाग तसाच राहू देतात. जास्वंदीचं एक पान हातात घ्या. कडेचे दात बघा, देठाकडे ते विरळ होत जातात. तेवढाच दात पकडा, पाच पानांवर फिरवा. पाकळी चौकटीबाहेर गेली तर जाऊ दे.

चौकाचं मात्र नको. १९२५ मध्ये प्रेस्टन यांनी लेख लिहून तिथल्या आदिवासींच्या नक्षीवर ऑस्ट्रेलियाची कला उभी करा म्हटलं, स्वतःही ती नक्षी वापरली. ती कोणाची, तिचा अर्थ काय, हे बाजूला ठेवून उचलली म्हणून आज त्यांच्यावर टीका होते. वारल्यांचा चौक लग्नघरात सुवासिनी लिहितात, आत पालघट देवी असते. तो किनारीला लावू नका. किनार हवीच असेल तर जास्वंदीची कळी आहे की!