सिव्हिलायझेशन ६ हा साम्राज्य उभारायचा गेम आम्ही सहा जण ऑनलाइन खेळतो. बॅबिलोन ही सिव्ह (खेळायला घ्यायची संस्कृती) ज्याला मिळते तोच जिंकतो. सिव्ह आणि मॅप सगळ्यांना सारखे कसे करायचे?

सरळ बॅन करा की! आमच्यात निपाणी, खानापूर, शहापूर असे सगळीकडचे गडी असतात. डाव मांडायच्या आधी प्रत्येक जण एक सिव्ह बाद करतो. बॅबिलोन आणि ग्रान कोलंबिया बहुतेक तिथंच उडतात. बॅबिलोनचं सायन्स निम्मं असतं हे खरं, पण युरेका (ठरलेलं काम केल्याचं बक्षीस) मिळाला की अख्खी टेक, म्हणजे तंत्रज्ञान, हातात. तीन आर्चर झाले की क्रॉसबोमन देणारी मशिनरी ही टेक, म्हणजे समोरचा वॉरियर घेऊन फिरतोय तोवर ह्याचे क्रॉसबोमन दारात. ग्रान कोलंबियाच्या प्रत्येक युनिटला एक चाल जास्त, त्यामुळं पळून जायचीही सोय नाही.

मॅप आधी ठरवा, सिव्ह नंतर. पॅन्जियावर (एकाच मोठ्या खंडाचा मॅप) नॉर्वे किंवा इंडोनेशिया अशी समुद्रावरची सिव्ह घेतलेला उपाशीच राहतो. सुरुवातीच्या जागेसाठी ‘बॅलन्स्ड’ सेटिंग ठेवा. तरी कुणी टुंड्रात (थंड, नापीक जमिनीत) पडलाच तर पहिल्या दहा टर्नांत मतदान घेऊन नवा मॅप काढा. ह्यावर भांडणं होतात, होऊ द्यात.

एक गोष्ट बहुतेक जण विसरतात: टर्नचा प्रकार. सगळ्यांची टर्न एकदम चालू असेल तर लढाईत ज्याचं बोट आणि नेट चपळ, त्याचा वार आधी. पावसाळ्यात खानापूरकडच्या गड्याचं नेट रांगत असतं, तो हकनाक मरतो. ‘डायनॅमिक’ टर्न लावा, युद्ध पेटलं की पाळीपाळीनं खेळ होतो. वेळ जास्त जातो, पण चालतंय.