पोटाच्या मोठ्या ऑपरेशननंतर आईला घरी आणताना

प्रिय,

कर्करोगाच्या ऑपरेशननंतर आईला परवा डिस्चार्ज मिळतोय आणि पुढे चार तासांचा रस्ता आहे, हे कळलं. मागच्या सीटवर आडवं झोपवून आणू का, असं तू विचारलंस. नको. आडव्या माणसाला सीटबेल्ट नीट लागत नाही, आणि दर वळणाला, दर ब्रेकला घसरू नये म्हणून तो नकळत पोट आवळून धरतो. बेंबीच्या वरखाली उभी चीर आहे, आतले थर शिवलेले आहेत. ताण बसतो तो तिथेच. उठणं, गाडीत बसणं, तोल सावरणं, खोकणं, उलटी, शौचाला कुंथणं, सगळ्याला पोटाचेच स्नायू लागतात. तेव्हा तुझी तयारी एवढीच, की ही कामं पोटाकडून काढून हातांकडे, पायांकडे, उशीकडे आणि औषधांकडे द्यायची.

डिस्चार्जच्या दिवशी सगळ्यात जास्त घोळ होतो तो गोळीच्या वेळेचा. सकाळी आठची गोळी झालेली असते, अकराला निघायचं ठरलेलं असतं, आणि बिल, कागद, औषधं करता करता दोन वाजतात. असर उतरलेला असतो आणि पुढचा डोस कोणी द्यायचा हेच ठरलेलं नसतं. वॉर्डच्या लेखी पेशंट गेली, घरच्यांच्या लेखी अजून आलीच नाही! म्हणून आदल्या दिवशीच डॉक्टरांना विचारून वेळा बसवून घे. प्रत्येक औषधापुढे शेवटचा डोस कधी दिला आणि पुढचा कधी, हे नर्सकडून लिहून घे. वेदनाशामक गोळी गाडी खरोखर हलण्याआधी ४५ मिनिटं ते एक तास पोटात गेलेली असावी. मळमळीची लिहून दिली असेल तर तीही निघण्याआधी अर्धा तास. वाटेतल्या डोसच्या गोळ्या तुझ्या खिशात ठेव. डिकीतल्या बॅगेच्या तळाशी गेलेली गोळी वेळेला मिळत नाही.

एक खबरदारी. ट्रॅमाडॉल या वेदनाशामकाच्या काही गोळ्यांत पॅरासिटामॉल आधीच मिसळलेलं असतं, आणि चिठ्ठीवर नुसतं पॅरासिटामॉलही वेगळं असू शकतं. दोन्हींची बेरीज कर. मोठ्या माणसात २४ तासांत ४ ग्रॅमच्या वर जाता कामा नये, आणि आजारपणात वजन उतरलेलं असेल तर ही मर्यादा आणखी खाली येते. ती डॉक्टरांकडूनच घे. शिवाय ट्रॅमाडॉलसारख्या गोळ्यांनी बद्धकोष्ठता होते. प्रवासात पंचाईत नको म्हणून पोट साफ होण्याचं औषध त्या दिवशी टाळलं जातं आणि दुसऱ्या दिवशी कुंथावं लागतं. डॉक्टरांनी थांबवलं नसेल तर ते टाळू नकोस.

कपड्यांचं थोडक्यात: कमरेचं इलास्टिक चिरेवर येईल असं काही नको. सैल गाऊन किंवा पुढून उघडणारा सैल कपडा बरा. चपला वाकावं न लागणाऱ्या, पण मागे पट्टा असलेल्या. निघण्याआधी एक-दीड तास थोडंसं हलकं खाऊ दे. उपाशीपोटी गोळ्यांनी मळमळतं, भरल्या पोटी रस्त्याने.

आता गाडी. पुढची सीट घे. ती पुढच्या-मागच्या चाकांच्या मधोमध येते, तिथे खड्ड्याचा दणका कमी बसतो, आणि समोर रस्ता दिसत असला की मळमळही कमी. सीट पूर्ण मागे सरकव, पाठ मात्र किंचितच कलती ठेव. फार कलती केली की कमरेचा पट्टा हाडांवरून सुटून पोटावर चढतो. सीटवर एक मोठी प्लास्टिकची पिशवी पसर. आईने सीटकडे पाठ करून, दोन्ही गुडघ्यांची मागची बाजू सीटच्या कडेला टेकेपर्यंत मागे यायचं, हातांनी आधार घेत हळूच बसायचं, मग दोन्ही गुडघे जुळवून पाय एकदमच आत वळवायचे. तू पोटऱ्यांखाली हात घालून पाय उचल. पिशवीवरून अंग सहज फिरतं, कंबर पिळली जात नाही. फिरून झालं की पिशवी काढ. राहिली तर ब्रेकला ती तशीच घसरवेल. एक पाय आत टाकून वाकून शिरण्याची सवय आपल्या सगळ्यांची असते, त्या दिवशी तीच नडते. उतरताना हेच उलट्या क्रमाने.

सीटबेल्ट दुखतो म्हणून सोडायचा नाही. कमरेचा पट्टा दोन्ही बाजूंच्या कमरेच्या हाडांवर, मांड्या सुरू होतात तिथे, चिरेच्या खाली बसव. खांद्याचा पट्टा दोन स्तनांच्या मधून जाऊ दे. पट्टा घासत असेल तर मध्ये एक पातळ, घडी घातलेला टॉवेल पुरे. जाड उशी पट्ट्याखाली घालू नकोस. ती दबते, पट्टा सैल पडतो आणि धक्का बसताना तो पकडतच नाही. उशी हवीच, पण मांडीवर. खोकला, शिंक किंवा स्पीडब्रेकर आला की दोन्ही हातांनी ती चिरेवर घट्ट दाबून धरायची. गाडी चालवणाऱ्याने प्रत्येक धक्क्याआधी "आला" एवढं म्हणायचं. अचानक बसलेला दणका जास्त दुखतो, कारण उशी दाबायला सवड मिळत नाही.

पोटाला सुट्टी, पण पायांना नाही. कर्करोग, मोठं ऑपरेशन आणि तासन्‌तास बसून राहणं, या तिन्हींनी पायांच्या शिरांमध्ये रक्ताची गुठळी होण्याचा धोका वाढतो. दर तासाला गाडी थांबव, आईला पाच मिनिटं सावकाश पायी चालव. मधल्या वेळात दर १५-२० मिनिटांनी पावलं वरखाली दहा-दहा वेळा. दाबाचे मोजे दिले असतील तर वरची कड सुरळी होऊ देऊ नकोस, ती दोरीसारखी आवळते. गुठळी टाळायची इंजेक्शनं, बहुधा एनॉक्सापॅरिन, अशा ऑपरेशननंतर अनेकदा एकूण चार आठवडे चालतात. प्रवासाच्या दिवसाची मात्रा चुकवायची नाही. सिरिंज २५ अंशांखाली ठेव, गोठू देऊ नकोस आणि उन्हात उभ्या गाडीत तर मुळीच नको. आयत्या भरलेल्या सिरिंजची पूर्ण मात्रा द्यायची असेल तर आतला हवेचा बुडबुडा उडवू नकोस, त्याच्याबरोबर औषधही जातं. आणि लघवीला थांबावं लागेल म्हणून पाणी तोडू नकोस. सांगितलेल्या मर्यादेत घोट घोट देत राहा.

नळ्यांकडे निघण्याआधी नीट बघ. ड्रेन, म्हणजे पोटात साठणारं पाणी बाहेर खेचणारी नळी असेल तर तिचा फुगा रिकामा कर, किती मिली निघालं ते लिही, मग फुगा दाबून धरून तोंड बंद कर. तो चपटा दिसायला हवा. लगेच फुगून गोल झाला तर हवा शिरतेय, आणि आतलं पाणी खेचलं जाणार नाही. हे वॉर्डमध्येच दाखव. नळी बाहेर येते त्या जागेच्या खाली, कपड्याला पिनेने अडकव, पिन नळीतून नव्हे तर फुग्याच्या पट्टीतून. सीटबेल्टखाली नळी नको. लघवीची पिशवी मूत्राशयाच्या खालच्या पातळीवर, पण जमिनीला न टेकलेली. तासाभरात लघवी उतरली नाही तर आधी नळीला पीळ पडलाय का पाहा.

स्टोमा, म्हणजे शौचासाठी पोटावर काढलेलं आतड्याचं तोंड असेल तर त्याची पिशवी निघतानाच रिकामी करायची आणि पुढे एक तृतीयांश भरली की पुन्हा. पट्टा स्टोमावरून जाऊ देऊ नकोस. बदलायचं सामान दोन वेळा पुरेल एवढं हातापाशी ठेव, डिकीच्या उष्णतेत चिकटपट्टी मऊ होते. लहान आतड्याचा स्टोमा असेल तर दिवसाला दीड लिटरच्या वर पाणी जाऊ लागलं की वाट न पाहता फोन करायचा.

विमानाने लवकर पोचेल असं घरात कोणी म्हणेल. मोठ्या पोटाच्या ऑपरेशननंतर साधारण १० दिवस विमान टाळतात. उंचीवर केबिनमधला दाब कमी असतो, आतड्यातला वायू जवळपास तीस टक्क्यांनी फुगतो आणि ताज्या जोडाला ताण बसतो. त्यानंतरही सर्जनचं प्रमाणपत्र घे आणि विमान कंपनीला आधी कळव. चार तासांच्या रस्त्याला गाडीच बरी, असं माझं मत.

वाटेत काय झालं तर थांबायचं नाही, थेट रुग्णालय: अचानक धाप किंवा छातीत दुखणं, एकाच पोटरीला सूज, ३८ अंश सेल्सियस किंवा वर ताप, पुन्हा पुन्हा उलटी, पोट फुगून वायू सरणं बंद. ड्रेसिंग एकाएकी फिकट गुलाबी पाण्याने भिजलं तर आतली शिवण सुटत असू शकते. ते दुखेलच असं नाही, म्हणून फसायला होतं. चीर उघडून आतडं दिसलं तर आत ढकलू नकोस. सलाईनने भिजवलेलं स्वच्छ कापड वर ठेव, गुडघे वाकवून निजव, तोंडाने काही देऊ नकोस आणि रुग्णवाहिका बोलव. म्हणूनच सलाईनची एक बाटली आणि निर्जंतुक गॉजची दोन पाकिटं सोबत असू देत, आणि वॉर्डचा रात्री उचलला जाणारा नंबरही.

घरी पोचल्यावर लगेच पलंग नको. हातांची, जरा उंच खुर्ची दाराजवळ ठेवून घे. जिना असेल तर मधल्या वळणावर दुसरी. पलंगावर जाताना कडेला बसायचं, कुशीवर टेकत पाय वर घ्यायचे, मग पाठीवर वळायचं. उठताना आधी कुशीवर, मग कोपराने आणि हाताने रेटा. तिला हाताला धरून ओढू नकोस. ओढलं की पोट आवळलं जातंच.

तुझा,
काका

ता. क. सहा आठवडे चार-पाच किलोच्या वर काही उचलायचं नाही, यात तिची स्वतःची बॅगही आली. ती उचलायला जाईलच. बॅग तिच्या नजरेआड डिकीत टाक.