निदान बदललं म्हणजे पहिला डॉक्टर चुकला असं नाही

ताई, तुमच्या भाच्याचं वाचलं न आमचे 2016 चे दिवस आठवले. पहिल्यांदा अक्यूट सायकोसिस (म्हणजे अचानक भास-भ्रम होऊन भान सुटणं), पंधरा दिवसांत पोरगा ठीक, वर्षानं पुन्हा तेच न आता कागदावर बायपोलर (कधी अती उत्साह, कधी खोल उदासी), मग खरं कोणतं, हेच न? माझ्या लहान भावाचं दोनदा बदललं. मी डॉक्टर नाही, वावर करणारा माणूस आहो, तेवढं धरूनच वाचा.

गोळ्या, झोप, गांजा बंद हे तुम्हाला सांगितलंच असेल.

पहिल्या झटक्यात डॉक्टरला पुढचं दिसत नसते. एका महिन्याच्या आत पूर्ण बरा झाला तर डीएसएम म्हणजे अमेरिकेच्या निदानाच्या पुस्तकात ब्रीफ सायकोटिक, सहा महिन्यांपर्यंत स्किझोफ्रेनिफॉर्म, त्याच्या वर गेलं तर स्किझोफ्रेनिया, अशी भास-भ्रमाच्या आजाराची नावं. आयसीडी म्हणजे जागतिक आरोग्य संघटनेच्या यादीत तर महिनाभर लक्षणं राहिली तरी स्किझोफ्रेनिया लिहिता येते. म्हणजे सगळा खेळ दिवसांचा. काहींना पुन्हा कधीच होत नाही, काहींचं पुढं बायपोलर नाहीतर स्किझोफ्रेनिया निघते.

न आम्ही नेमका दिवसांचा हिशोबच घालवला. सोयरीक जुळत होती, पाहुण्यांच्या हाती लागू नये म्हणून आईनं पहिली फाईल चुलीत टाकली. 2018 ले पुन्हा झालं, नवीन डॉक्टरनं विचारलं मधात कसा होता, तर बाबा बोलून गेले "तवापासून असाच आहे जी". झालं! स्किझोफ्रेनिया. खरं म्हणजे मधात दोन हंगाम त्यानं एकट्यानं कापूस काढला, उधारीचा हिशोब ठेवला, पण मीही तिथं गप्प बसलो, ते आजही लागते मनाला. जुनं रेकॉर्ड आणायला चार चकरा मारल्या, दर वेळी एकच, आयपीडी नंबर, म्हणजे भरती झाल्याचा नंबर आणा. अरे बापा, नंबर जळालेल्या कागदावरच होता! 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्यात पेशंटला आपले कागद मागायचा हक्क आहे हे तिथं कोणी सांगितलं नाही, बसचं भाडं तेवढं गेलं.

2020 ले तीन रात्री झोपला नाही तरी ताजातवाना, कर्ज काढून ट्रॅक्टर बुक करून आला, तेव्हा कुठं बायपोलर लिहिलं न लिथियम, म्हणजे मूड ताळ्यावर ठेवणारी गोळी, सुरू झालं. त्याची रक्तातली पातळी तपासावी लागते, तालुक्याला सोय आहे का आधीच विचारून ठेवा. चकरा परवडत नसतील तर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 फुकट आहे, मराठीत बोलतात.

लेबलवर भांडू नका हे माझं मत, चुकीचंही असेल. पण निदान बदललं म्हणून जुनी गोळी घरच्या घरी बंद करू नका. कागदांचे फोटो दोघांच्या मोबाईलात ठेवा. न भाच्याची पहिल्या वेळी झोप कशी होती? झोप यावी वाटूनही येत नव्हती की झोपेची गरजच वाटत नव्हती, ते आठवून डॉक्टरला सांगा.