खतांचे जागतिक भाव वाढले तरी अनुदानामुळे शेतकऱ्याला झळ बसत नाही, हे खरं आहे का?

युरियापुरतं बोलाल तर खरं. बाकी खतांचं निराळं आहे.

आमचा ऊस आणि सोयाबीन. युरियाची ४५ किलोची गोणी कित्येक वर्षं २६६ रुपयांच्या आसपास मिळते. २०२२ मध्ये युक्रेनच्या युद्धामुळे भाव भडकले तेव्हा बाहेरच्या दराने तीच गोणी दोन हजारांच्या पुढे गेली असती. वरचा फरक सरकारने सोसला. त्या वर्षी खतांवरचं अनुदान अडीच लाख कोटींच्या घरात गेलं होतं. (२०१८ पर्यंत गोणी ५० किलोची होती. शेतकरी किलोत नाही, गोणीत मोजतो, म्हणून पाच किलो कमी केले की वापर आपोआप घटेल, असा हिशोब होता.)

डीएपी (नत्र आणि स्फुरद देणारं खत), पोटॅश, मिश्र खतं यांना २०१० पासून नत्र, स्फुरद, पालाश अशा अन्नद्रव्याच्या किलोमागे ठरावीक अनुदान आहे. आकडा सरकार ठरवतं, किंमत कागदोपत्री कंपनी ठरवते. २०२१ च्या उन्हाळ्यात कंपन्यांनी डीएपीची गोणी १९०० रुपयांवर नेली आणि गावोगाव आरडाओरड झाली. मे महिन्यात सरकारने गोणीमागचं अनुदान ५०० वरून १२०० केलं, तेव्हा भाव पुन्हा १२०० वर आला. पुढे तो १३५० झाला आणि तिथेच धरून ठेवलाय. पोटॅशला मात्र असा कुणी वाली भेटला नाही. हजाराच्या आतबाहेर असलेली गोणी २०२२ मध्ये सतराशेला घेतली, आणि उसाला पोटॅश टाळून चालत नाही. त्या वर्षी मी दोन एकरांना निम्मंच टाकलं.

आता खरी मेख. भाव बांधलेला, अनुदान अपुरं आणि बाहेर माल महाग, असं झालं की आयात करणाऱ्याला गोणीमागे तोटा होतो. मग तो माल कमी आणतो. २०२४ च्या रब्बीत डीएपीची ओढाताण झाली त्यामागे हेही एक कारण होतं. छापील भाव १३५०, पण दुकानात गोणीच नाही. असेल तर सोबत झिंक नाहीतर कसलं तरी टॉनिक घ्यायचं. आमच्याकडे याला ‘लिंकिंग’ म्हणतात. मला एकदा दोन गोण्यांसाठी सहाशे रुपयांची नको ती बाटली गळ्यात मारली होती. ते सहाशे कुठल्या अनुदानात धरायचे?

आणखी एक. हे पैसे शेतकऱ्याच्या खात्यात येत नाहीत. दुकानात पॉस मशीनवर आपण अंगठा देतो, विक्रीची नोंद होते आणि अनुदान कंपनीला जातं. म्हणून पक्कं बिल मागून घ्या. त्यावर अनुदानाची रक्कमही छापलेली असते.

डीएपी मिळालं नाही तर एका गोणीच्या जागी तीन गोण्या सिंगल सुपर फॉस्फेट आणि अर्धी गोणी युरिया टाका, स्फुरद-नत्राचा हिशोब जवळपास जुळतो. स्वस्त पडेलच असं नाही, आणि गोण्या वाहण्याची मजुरी वाढते. पण सुपरमध्ये गंधक असतं आणि सोयाबीनला ते मानवतं. मी दोन हंगाम तसंच करतोय.